व्होल्टेज थोडं खाली, पंखा गप्प

मे महिन्यात ऐरोली-घणसोलीच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीच ३४-३५ अंशांवर असते. डेस्कटॉपचा पंखा प्रोसेसरवर फिरवणार तीच हवा! पनवेलला २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या अवाढव्य डेटा सेंटरकडे स्वतःची शीतकरण यंत्रणा आहे. आपल्याला मात्र दिवसभर एसी लावणं परवडत नाही. मग उष्णता मुळातच कमी निर्माण करायची.

वेग तोच असेल, तर प्रोसेसरच्या कामाला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.३० व्होल्टचे १.२० केले की ती सुमारे १५ टक्क्यांनी घटते. मग कंपनीच कमी व्होल्टेज का देत नाही? कारण एकाच मॉडेलच्या दोन चिपही अगदी सारख्या नसतात. सगळ्यात अशक्त चिप अडखळू नये, म्हणून सगळ्यांनाच थोडं वाढीव दिलं जातं. त्याचा अतिरेकही होतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरना जादा व्होल्टेजच भोवलं आणि २०२४ मध्ये कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

हे वाढीव व्होल्टेज आपणच थोडं कमी करायचं. बायॉसमध्ये व्होल्टेजचा ‘ऑफसेट’, म्हणजे मूळ व्होल्टेजमधला बदल, उणे ०.०५ व्होल्टपासून सुरू करा. नव्या रायझन प्रोसेसरमध्ये याच कामासाठी ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ असतो. काही इंटेल मशीनमध्ये व्होल्टेज कमी करण्याची सोय सुरक्षेसाठी बंदच केलेली असते. चाचणी जड कामावर घ्या, तशी मशीन रिकामी असतानाही घ्या. गंमत म्हणजे ती अनेकदा तेव्हाच कोसळते. निळा पडदा दिसला तर एक पायरी मागे या. मशीन सुरूच झाली नाही, तर मदरबोर्डवरचं ‘सीमॉस’ क्लिअर केलं की सेटिंग मूळपदावर येतं.