फाटक पडल्यावर खालून वाकून जाताना

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली, शाहू महाराजांच्या काळात सुरू झाली. तेव्हापासून रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर या पट्ट्यात कुणाचं घर रुळाच्या अलीकडे, तर रान पलीकडे. फाटक पडलं की गाडीवाल्यांनी थांबायचं आणि आपण बायकांनी खालून वाकून जायचं, अशी सवयच झालीय. आम्हीही गेलोय. एकदा आमच्यातल्या एकीचा वैरणीचा भारा दांड्याला अडकला आणि ती रुळाशेजारीच बसली. गाडी लांब होती म्हणून निभावलं.

"गाडीचा पत्ता नाही आणि गेटमन फाटक पाडून बसलाय," असं आपण म्हणतो. पण बरीच फाटकं सिग्नलला जोडलेली असतात. आधी फाटक बंद होतं, मगच गाडीला सिग्नल मिळतो. म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरूनच ड्रायव्हर वेगात येतो. त्यानं आपल्याला पाहून ब्रेक दाबला तरी भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. त्यात विजेच्या गाडीचा आवाज कमी, कानावर पदर, आणि भाऱ्यामुळं बाजूचं दिसत नाही. गेटमनशी भांडून फाटक उघडायला लावणं तर नकोच. बंद फाटक स्वतः उघडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ऊसतोडीच्या दिवसांत भीती वेगळी. ३ फेब्रुवारी २००५ ला नागपूर जिल्ह्यात बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेनं धडक दिली. पन्नासहून अधिक माणसं गेली. ब्रॉडगेजवरची अशी क्रॉसिंगं २०१९ पर्यंत काढून टाकली, पण डबल ट्रॉली रुळावर अडकायची ती उघड्या फाटकातही अडकते. पलीकडे दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा दिसल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू देऊ नका. उसावर बसून तर रूळ ओलांडूच नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, हात न लावता नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो. फाटकाआधीची लोखंडी कमान त्यासाठीच असते.

ट्रॅक्टर रुळावर बंद पडलाच, तर एकीनं पळत जाऊन गेटमनला सांगायचं. त्याच्याकडं लाल झेंडी असते, रुळावर लावायचे फटाकेही असतात. गाडी त्यावरून गेली की आवाज होतो आणि ड्रायव्हर थांबतो. बाकीच्यांनी ढकलत बसायचं नाही. माणसं उतरवून रुळापासून लांब न्यायची, लेकरं आधी.