गगनगडावरचा न दिसणारा पाऊस

गगनबावड्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक. पण मंडळी, इथं भर उन्हाळ्यातही एक पाऊस चालूच असतो! गगनगडावर तळहात आडवा धरा: सेकंदाला साधारण एक म्यूऑन नावाचा कण आरपार जातो.

अवकाशातून आलेले वैश्विक किरण सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हवेवर आदळले की हे कण जन्मतात. अँडरसन आणि नेडरमायर यांना ते १९३६ मध्ये सापडले. आयुष्य जेमतेम २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशही ६६० मीटरच जातो. मग गडापर्यंत पोचतात कसे? प्रचंड वेगामुळे त्यांचं घड्याळ मंदावतं! ही शक्यता १९३८ मध्ये मांडली आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी ती मोजून दाखवली.

छत्री उघडून उपयोग नाही. हा पाऊस कातळातही मुरतो! ☔