आधी पाणी, मग गोळी

शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या आसपासच्या वाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. मृगाचा पाऊस लागला की दारात एकच मागणी यायची, ‘‘सिस्टर, जुलाब बंद व्हायची गोळी द्या की.’’ लहान पोराला ती गोळी मी कधी दिली नाही. त्या गोळीनं आतडं मंदावतं, पण अंगातलं पाणी त्यात उतरायचं थांबत नाही. आणि जुलाबात पोर दगावतं ते बहुतेक वेळा पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळेच.

आमच्याकडं पाऊस धो धो, तरी आजार पाण्याचाच. धनगरवाड्यांवर झऱ्याचं पाणी नळीनं आणतात. पहिल्या सरींत शेण आणि उघड्यावरची घाण त्यात उतरते. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, पण पोत्याला ओल लागली की पावडरीचा जोर जातो, आणि गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, टाकीपाशी करून भागत नाही, ती शेवटच्या घरातल्या नळाला करायची. पाणी पिवळं झालं की क्लोरीन तिथवर पोचला.

घरातली समजूत मात्र उलटी. ‘पाजलं की आणखी होतंय’ म्हणून पोराचं पाणी तोडतात, कधी अंगावरचं दूधही. मला याचाच फार त्रास व्हायचा, कारण उपाय घरातच असतो. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला सोबत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीतसुद्धा ही वाट उघडी राहते. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. तिथले मृत्यू शंभरात तीसवरून चारच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस असायला हवा.

हेच मीठ-साखरेचं पाणी करायचं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते पुरतं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं. अर्धी पुडी पेल्यात कालवली तर प्रमाण बिघडतं आणि पाणी उलट आतड्याकडं ओढलं जातं. बाटलीतली गोड शीतपेयंही याच कारणानं नकोत. पाकीट नसेल तर लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश सुरू करायचं. अंगावरचं दूध आणि मऊ भात चालूच. आशाताई झिंकच्या गोळ्या देतात त्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या, जुलाब थांबले तरी.

बऱ्याच बाळांचे जुलाब रोटाव्हायरसचे असतात, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्याची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसली, शौचात रक्त दिसलं किंवा पोर मलूल झालं, तर गाडी बघायची. पोर गिळत असेल तर वाटेतही चमचा थांबवायचा नाही.