जुन्या ओम्नीचं गिअर ऑइल: ऐकीव गोष्टी आणि खरं काय

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिची ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे मालकही गिअरबॉक्सकडे मात्र फिरकत नाहीत. ‘तिथं काही जळत नाही, मग तेल खराब कशाला होईल?’ हा त्यांचा सवाल.

जळत नाही हे खरं. पण गिअरचे दात तेलाला सतत चिरडत असतात, त्यातली दाब सोसणारी रसायनं हळूहळू संपतात आणि झिजलेल्या धातूचा भुगा तेलातच फिरत राहतो. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर करडा, लोण्यासारखा लगदा दिसेल. तो दिसला म्हणून घाबरू नये. बोटाला टोचणारे कपचे निघाले, तर मात्र गाडी मेकॅनिकला दाखवा.

दुसरी समजूत नंबरांची. ‘इंजिनात ४०, गिअरमध्ये ९०, म्हणजे दुपटीहून जाड.’ नाही. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. तापल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. त्यामुळे आवाज दाबायला आणखी जाड तेल भरलं, की थंडीच्या सकाळी दुसरा गिअर पडायला तयार होत नाही, एवढाच फरक पडतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज डब्यावरच्या ‘जीएल’चा. ‘जीएल-५ हे जीएल-४ च्या वरचं, मग तेच घ्यावं’ असं दुकानदारही छातीठोक सांगतात. ही काही परीक्षेतली श्रेणी नव्हे. गिअर बदलताना सिंक्रोची पितळी रिंग समोरच्या शंकूला घट्ट धरते, दोघांचा वेग जुळतो आणि मग गिअर बसतो. या पकडीला थोडं घर्षण लागतं. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. त्यानं रिंग निसटू शकते, गिअर खरखरतो, आणि काही तेलांतलं गंधक पितळही खातं. उलट मागच्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर प्रचंड दाबानं घसटतात, तिथं हीच रसायनं हवीत. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागच्या हाऊसिंगचं तेल वेगळं आणि त्याचे नटही वेगळे. गिअरबॉक्सचं बदललं म्हणजे मागचंही झालं, असं होत नाही. कुठं कोणतं तेल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहावं, काउंटरवर विचारू नये.

घरी करायला अवघड काही नाही, फक्त क्रम चुकवू नका. पाच-सहा किलोमीटर फिरवून तेल कोमट करा. गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर, पूर्ण समतल हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मग आधी वरचा, भरायचा नट सैल करून बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला हा नट कधी कधी जाम होतो. खालचा ड्रेन नट आधी काढलात आणि वरचा हललाच नाही, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी अंगणात अडकून पडेल. वरचा सुटला, की खालचा काढून जुनं तेल निथळू द्या. मग नव्या वायसरसह ड्रेन नट बसवला, की वरच्या भोकातून तेल बाहेर ओघळेपर्यंत भरायचं आणि तिथंच थांबायचं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर ओतलेलं तेल सीलमधून वाट काढतं आणि क्लच प्लेटपर्यंतही जाऊ शकतं.

आत डिझेल ओतून धुण्याची पद्धतही सोडून द्या. थोडं जरी आत राहिलं तरी नवं तेल पातळ होतं. निघालेलं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आणि एवढं करूनही गिअर अडत असेल, तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर बहुधा दोष तेलाचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. ओम्नीचा क्लच केबलवर चालतो, आधी ती केबल तपासा.