‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे दोन वाचक

लखनौहून सीतापूरकडे जाताना बख्शी का तालाब हे गाव लागते. त्यात नवाबी अमलातील एका बख्शीचे नाव उरले आहे. तो अंमल 1856 साली संपला. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही प्रचंड उर्दू अद्भुतकथा याच लखनौतील नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून खंडशः प्रसिद्ध झाली. महंमद हुसेन जाह यांनी आरंभिलेली ही कथा अहमद हुसेन कमर यांनी पुरी केली.

मुलांना तिच्यातील अमर अय्यार भावतो. त्याच्या पोतडीत सारे जग मावते, तरी त्याचा कवडीचुंबकपणा काही सुटत नाही! प्रौढ वाचकाचे लक्ष मात्र हळूहळू जादूगारांचा सम्राट अफ्रासियाब याच्याकडे वळते. कोठे काय घडत आहे, हे त्याला सामरीच्या ग्रंथात वाचता येते. तरीही आपल्या मायावी राज्याचा विधिलिखित अंत त्याला टाळता येत नाही. आपले राज्य डोळ्यांदेखत गेलेले ज्यांनी पाहिले होते, त्या लखनौकरांना हा खलनायक सर्वस्वी परका वाटला असेल काय? कथेतील चमत्कारांपेक्षा हा विषादच अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणावेसे वाटते.

पोरवयात ही कथा वाचणाऱ्या प्रेमचंदांनी पुढे त्याच 1856 च्या लखनौवर ‘शतरंज के खिलाडी’ लिहिली.