दुपारच्या वाऱ्याआधी

आपल्या देवघरातला शाळिग्राम येतो तो नेपाळच्या काली गंडकीतून. एका अंगाला धौलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा आणि मधून ही नदी. तिच्याच काठी, सुमारे 2,700 मीटर उंचीवर, जोमसोमची धावपट्टी आहे. मुक्तिनाथला निघालेले कितीतरी मराठी यात्रेकरू पोखऱ्याहून छोट्या विमानानं इथे उतरतात. तेही सकाळीच.

कारण ऊन चढलं की वारा सुटतो. दरीच्या वरच्या अंगाचा, मुस्तांगचा उघडाबोडका मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा अरुंद दरीतून घुसते. दुपारी ताशी 50-60 किलोमीटरचा वारा इथे नित्याचाच. तो कड्यांवर आपटतो, भोवरे धरतो. धावपट्टीच्या एका टोकाला विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) ताठ आडवा, तर दुसऱ्या टोकाला लोंबकळलेला, असंही डोंगरात घडतं.

समोरून येणारा वारा एरवी उड्डाणाला मदतच करतो. घात होतो तो वारा अचानक पडल्यावर. समजा, नुकतंच उचललेलं विमान हवेच्या तुलनेत ताशी 140 किलोमीटरनं चाललंय. झोत ओसरला आणि हा वेग 110 वर आला. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे एका क्षणात सुमारे 38 टक्के उचल गेली! नाक खाली करून वेग परत मिळवावा, तर जमीन जेमतेम पन्नास फुटांवर. त्यात जोमसोमच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. त्यामुळे धाव लांबते, इंजिनाचा जोरही घटतो.

मोठी विमानंही डोंगरातल्या अशा झोतांतून सुटत नाहीत. 20 डिसेंबर 2008 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरला एक बोईंग 737 उड्डाणासाठी धावत असतानाच धावपट्टीबाहेर गेलं आणि पेटलं. सुदैवानं सगळे वाचले. वैमानिकांना आडवा वारा 27 नॉट सांगितला होता. रॉकी पर्वतावरून आलेला झोत मात्र 45 नॉटपर्यंत पोचला होता, असं तपासात निघालं. त्या विमानापुढे जोमसोमला येणारं साडेपाच टनांचं छोटं ट्विन ऑटर ते केवढं!

म्हणून मुक्तिनाथला जाताना हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा. वाऱ्यामुळे विमान रद्द झालं, तर काउंटरवर हुज्जत घालू नका. जोमसोमहून पोखऱ्याला जीपनंही येता येतं.