सर्व्हर डाऊन आहे म्हणे!

पीकविम्याची शेवटची तारीख असो, अकरावीचा प्रवेश असो नाहीतर सातबाऱ्याची घाई. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, कुठल्याही तालुक्यातल्या ऑनलाईन सेंटरवर त्या दिवशी एकच उत्तर मिळतं, सर्व्हर डाऊन आहे. दुकानातला पोरगा ते इतक्या सवयीनं सांगतो की पुढचं कोणी विचारत नाही. विचारायला मात्र हवं. स्क्रीनवर चकरी फिरत असते आणि अधूनमधून एखादा अर्ज सुटतोही, म्हणजे मशीन बंद पडलेलं नसतं. ते कशाची तरी वाट पाहत असतं. पुष्कळदा ही वाट पाहणं डेटाबेसमध्ये चाललेलं असतं आणि ते कशापायी, हे सांगायची सोय डेटाबेसमध्येच असते. ती सोय चालू आहे का, असली तर किती, हे मात्र कोणीतरी आधी ठरवून ठेवावं लागतं. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे.

आजचे बहुतेक सरकारी आणि बँकांचे हिशेब रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांमध्ये असतात. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली ही कल्पना मांडली. तिची गंमत अशी की आपण फक्त काय हवं ते सांगायचं. ते कसं शोधायचं हे डेटाबेस स्वतः ठरवतो. प्रोग्रॅमरचे कष्ट यानं कमी झाले, पण एक अडचणही आली. रस्ता डेटाबेसनं निवडला, तर तो चुकीचा निवडला गेलाय हे आपल्याला कळणार कसं?

समजा, हळदीच्या एखाद्या मोंढ्याचा हिशेब संगणकावर आहे. आवकेच्या तक्त्यात गेल्या काही वर्षांच्या मिळून 40 लाख ओळी आहेत: तारीख, शेतकऱ्याचा क्रमांक, कट्टे, वजन, बीटात निघालेला भाव. अडत्याच्या खिडकीवरून प्रश्न जातो, या शेतकऱ्याची यंदाची सगळी मापं दाखव. शेतकऱ्याच्या क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, असेल तर डेटाबेस नेमक्या पंधरा-वीस ओळी उचलून आणतो. नसेल तर 40 लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि तेवढ्याच पंधरा-वीस हातावर ठेवतो. सुरुवातीला तक्ता लहान असताना दोन्ही सारखंच वाटतं. पुढे मार्च-एप्रिलमध्ये आवक वाढते, दहा खिडक्यांवरून तोच प्रश्न एकदम येतो, आणि हिशेबपट्टी निघेना होते.

अशा वेळी पहिली आठवण होते ती स्लो क्वेरी लॉगची, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ खाणाऱ्या प्रश्नांच्या नोंदवहीची. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही वही मुळात बंदच येते, आणि चालू केली तरी मर्यादा असते 10 सेकंदांची. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही मूळ सेटिंग उणे एक, म्हणजे काहीच लिहू नकोस. आता 10 सेकंदांच्या मर्यादेत सापडेल काय? दिवसातून एकदा निघणारा, 40 सेकंद घेणारा अहवाल सापडेल. पण 20 मिलिसेकंदांचा एखादा किरकोळ प्रश्न दिवसात 3 लाख वेळा विचारला जात असेल तर त्याचे एकूण 6,000 सेकंद, म्हणजे 100 मिनिटं होतात, आणि वहीत त्याची एक ओळही उमटत नाही. खरा भार बरेचदा असल्या किरकोळीचाच असतो. मर्यादा शून्यावर आणली तर सगळं सापडेल, पण ऐन गर्दीच्या दिवशी लॉगनंच डिस्क भरून जाईल.

म्हणून बेरीज ठेवणारी वेगळी यंत्रणा लागते. पोस्टग्रेसमध्ये 2009 पासून पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स नावाची जोडणी मिळते. ती एकाच साच्याचे प्रश्न एकत्र करते, त्यातले आकडे आणि नावं काढून जागी खुणा ठेवते, आणि प्रत्येक साचा किती वेळा आला, एकूण किती वेळ गेला, जास्तीत जास्त किती लागला, हे सांगते. मुळात ती 5,000 साचे लक्षात ठेवते. हिचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लॉगमध्ये प्रश्न जसाच्या तसा उतरतो. त्यात कोणाचा आधार क्रमांक असेल तर तोही उतरतो. साच्यात तो राहत नाही. नागरिकांची माहिती सांभाळणाऱ्यांनी कुठली नोंद चालू ठेवायची हे ठरवताना हा मुद्दा वेगाच्या आधी पाहावा, असं माझं मत आहे.

पण ही जोडणी डेटाबेस सुरू होतानाच मेमरीत घ्यावी लागते. आधी घेतली नसेल तर डेटाबेस बंद करून परत चालू करायला हवा, आणि शेवटच्या तारखेला बाहेर रांग लागलेली असताना ते धाडस कोण करणार? मायएसक्यूएलमधला परफॉर्मन्स स्कीमा या बाबतीत बराच सोयीचा. तो 5.5 या आवृत्तीत, 2010 साली आला आणि 5.6 पासून मुळातच चालू असतो. काय मोजायचं याचा एक तक्ता, मोजलेलं कुठे साठवायचं याचा दुसरा; साधी अपडेटची आज्ञा देऊन होयचं नाही किंवा नाहीचं होय करायचं, बहुतेक बदल तिथल्या तिथे लागू. फसगत होते ती पुढे. हे बदल मेमरीतच असतात. रात्री वीज गेली, सर्व्हर परत सुरू झाला, की सगळं मूळपदावर. कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये तेच लिहून ठेवलं नाही तर महिन्याभरानं कोणीतरी विचारतं, हे आपण चालू केलं होतं ना?

मग सगळंच कायम चालू का ठेवू नये? कारण मोजणं फुकट नाही. डिस्कवरच्या प्रत्येक वाचनाला किती वेळ लागला हे पोस्टग्रेस सांगू शकतो, पण त्यासाठी दर वेळी दोनदा घड्याळ पाहावं लागतं, आणि काही मशीनवर घड्याळ पाहणंच महाग पडतं. त्यामुळे ते सेटिंग मुळात बंद असतं. आपलं मशीन किती चपळ आहे हे तपासायला पोस्टग्रेसवाल्यांनी एक छोटा प्रोग्रॅमही सोबत दिला आहे. तो चालवून बघावा आणि मग ठरवावं. ऑरॅकलच्या डेटाबेसमध्ये खर्च सरळ पैशांचा आहे. दर तासाला कामगिरीचं चित्र टिपणारी एडब्ल्यूआर ही सोय मुळात चालू असते, पण तिचे अहवाल वापरायला डायग्नोस्टिक्स पॅकचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो.

या सगळ्याचं एक मोठं उदाहरण हिंगोली जिल्ह्याशी जोडलं जाणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 मध्ये केंद्रानं तिला 2,600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून गुरुत्वीय लहरी टिपायच्या, तर आधी स्वतःच्या यंत्राची कुरकुर ओळखावी लागते. अमेरिकेतल्या लायगोच्या एकेका वेधशाळेत जमिनीचं हलणं, तापमान, आरशांची स्थिती अशा दोन लाखांहून अधिक सहायक नोंदी चालू असतात. यंत्र कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत भरवशाचं होतं, याचे कालखंड डीक्यूसेगडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. तो सांभाळणाऱ्यांनी 2020 च्या सुमारास दिलेले आकडे असे: सुमारे 60 कोटी नोंदी, रोज सुमारे 6 लाख प्रश्न, उत्तराला सरासरी 0.317 मिलिसेकंद.

असा आकडा देता येतो याचाच अर्थ मोजणी चालू आहे. तरी सरासरीवर विसंबू नये. हजारातले 990 प्रश्न एका मिलिसेकंदात सुटले आणि दहांना प्रत्येकी पाच सेकंद लागले, तर सरासरी 51 मिलिसेकंदांच्या आसपास येते, आणि तेवढा वेळ कोणालाच लागलेला नसतो. रांगेतला माणूस त्या दहांपैकी असतो.

आपल्याकडच्या डेटाबेसांची खरी गैरसोय मला साठवणीच्या मुदतीत दिसते. एडब्ल्यूआरची चित्रं मुळात 8 दिवस राहतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2016 ला आलेला क्वेरी स्टोअर 30 दिवस ठेवतो, आणि त्याला दिलेली जागा भरली की तो नोंदी घेणं थांबवतो. डेटाबेस मात्र व्यवस्थित चालत असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाला पत्ता नसतो. आपला भार हंगामी. हळद उन्हाळ्यात, पीकविमा पेरण्या उरकल्यावर, प्रवेश दहावीच्या निकालानंतर. या जुलैची तुलना गेल्या जुलैशीच करायला हवी, आणि मूळ सेटिंगवर गेला जुलै केव्हाच पुसलेला असतो.

मुदत वाढवणं म्हणजे दोन-चार ओळींचं काम. पोस्टग्रेससारख्या ठिकाणी चालू बेरजा तेवढ्या असतात, तिथे रोज रात्री त्यांची प्रत तारखेसकट वेगळ्या तक्त्यात टाकायची. मधेच कोणी बेरजा शून्यावर आणल्या असतील तर तेही लिहून ठेवायचं, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. स्लो लॉगची मर्यादा सुरुवातीला एक सेकंदावर आणायची आणि लॉग किती फुगतो ते पाहत खाली न्यायची. पतसंस्था, जिनिंग, मोंढा, कोणाचाही डेटाबेस असो, एका माणसाचं हे दुपारभराचं काम आहे. मे महिन्यात केलेलं बरं.